चांदीच्या रुपयाची पारख आणि जतन

चांदीच्या नाण्याची किंमत दोन गोष्टींवर ठरते: धातूचा कस आणि वजन. त्यावरचा छाप म्हणजे या दोन्हींबद्दल दिलेली हमी. ज्या राजवटीच्या हमीवर लोकांचा विश्वास असे, तिचे नाणे न तपासता हातोहात फिरे. जिथे हमी डळमळीत असे, तिथे नाणे पारखणाऱ्या माणसाचे महत्त्व वाढे. महाराष्ट्रात हे पारखण्याचे काम पोतदार आणि सराफ यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. रुपये तपासायचे कसे, वर्गवारी कशी करायची, बट्टा किती कापायचा आणि नाणी सुरक्षित कशी ठेवायची, याचे त्यांचे एक पक्के शास्त्र होते. ते पुस्तकांत फारसे उतरले नाही, पण रोजच्या व्यवहारात अठराव्या शतकापर्यंत आणि त्यानंतरही टिकून राहिले.

चांदीची नाणी साठवण्याची या भूमीतली परंपरा फार जुनी आहे. नाशिक जिल्ह्यात सिन्नरजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ साली एक मोठा निधी सापडला. त्यात क्षहरात क्षत्रप नहपान याची सुमारे १३,२५० चांदीची नाणी होती. त्यांपैकी ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव करणाऱ्या राजाने त्याची नाणी वितळवली नाहीत. धातू चांगला होता, वजन ठरलेले होते. हमी देणारा तेवढा बदलायचा होता. जुन्या मुखवट्यावर नव्या राजाची चिन्हे उमटली आणि तेच नाणे पुन्हा बाजारात गेले. उरलेली नाणी ठशाविना त्याच साठ्यात राहिली. साठवणाऱ्याने दोन्ही प्रकार एकत्र ठेवले, कारण चांदी म्हणून दोन्हींची किंमत जवळपास सारखीच होती.

सिक्का, चलनी आणि बट्टा

शेरशहा सूर याने सोळाव्या शतकात सुमारे १७८ ग्रेन वजनाचा, जवळजवळ शुद्ध चांदीचा रुपया पाडला. मुघलांनी तो पुढे चालवला. मुघल रुपयावर बादशहाच्या नावासोबत त्याच्या राज्यारोहणापासूनचे वर्ष असे. चालू वर्षाचा रुपया ‘सिक्का’ म्हणून पूर्ण किमतीला चाले. जुन्या वर्षांचा ‘चलनी’ ठरे आणि त्यावर बट्टा कापला जाई. नाणे जितके जुने तितकी त्याची झीज अधिक, हा त्यामागचा हिशेब. वर्ष वाचता येणे आणि त्या वर्षाचा बट्टा ठाऊक असणे हे सराफाचे पहिले भांडवल होते.

कोकणच्या बंदरांत यापेक्षा वेगळे नाणे चाले. चांदीची जाड तार मधोमध दुमडून तिच्यावर ठसा मारलेली ‘लारी’ इराणी आखाताच्या व्यापारातून आली आणि विजापूरच्या आदिलशाहीनेही ती पाडली. तारेच्या पोटात हलका धातू आहे का, हे पाहण्यासाठी लारीला छिन्नीने छेद देत. असे छेद असलेल्या लाऱ्या आजही संग्रहांत दिसतात.

शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. चांदीच्या व्यवहारासाठी मात्र मुघल, आदिलशाही आणि इतर राज्यांची नाणी स्वराज्यात चालतच होती. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्‍री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील रायगडावर आला. ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईत पाडलेले नाणे स्वराज्यात चालावे, असे एक कलम त्याने तहाच्या मसुद्यात घातले होते. त्यावर मिळालेले उत्तर इंग्रजांच्या कागदपत्रांत नोंदलेले आहे. कोणत्याही नाण्याला महाराजांची बंदी नव्हती. पण ज्यात रयतेचे नुकसान होईल ते नाणे घेण्याची तिच्यावर सक्तीही ते करणार नव्हते. इंग्रजांचे नाणे मुघलांच्या नाण्याइतके कसाचे आणि वजनाचे असेल तर ते आपोआप चालेल, असा त्या उत्तराचा आशय होता. नाण्याच्या पारखीचे सगळे तत्त्व या उत्तरात आले आहे: ठसा कोणाचाही असो, घेणाऱ्याला त्यातली चांदी तपासण्याचा हक्क आहे.

पेशवाईतल्या टांकसाळी

अठराव्या शतकात मराठी अमलाखाली अनेक टांकसाळी उभ्या राहिल्या. त्यांपैकी बऱ्याच सरकारच्या मालकीच्या नव्हत्या. सोनार किंवा सराफ सरकारात ठरलेली रक्कम भरून नाणी पाडण्याचा परवाना घेत आणि लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये करून देत. परवान्यात कस आणि वजन ठरवून दिलेले असे, पण ते पाळले जाईलच याची खात्री नसे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठी अमलातील नाणी आणि टांकसाळी यांवर इंग्रजीत स्वतंत्र निबंध लिहिला. पेशव्यांच्या दप्तरातून त्यांनी दाखवलेले चित्र असेच आहे: खोट्या कसाची तक्रार येते, टांकसाळ बंद होते, कडक अटींवर नवा परवाना निघतो आणि काही वर्षांनी तक्रार पुन्हा सुरू होते.

या रुपयांवर नाव दिल्लीच्या बादशहाचे आणि लिपी फारसीच असे. एक रुपया दुसऱ्यापासून ओळखायचा तो बारीक चिन्हांवरून. पुण्याच्या टांकसाळीचा रुपया त्यावरच्या अंकुशाच्या चिन्हामुळे ‘अंकुशी’ म्हणून प्रसिद्ध होता आणि पुण्याचा हिशेब त्याच्यावरच ठरे. होळकरांच्या अमलाखालच्या चांदवडला पाडलेला तो चांदवडी. याशिवाय सुरती, अर्काटी आणि निजामाच्या मुलखातले रुपये बाजारात असत. प्रत्येकाचा कस वेगळा, म्हणून प्रत्येकाचा भावही वेगळा.

चांदवडच्या टांकसाळीचे काम कसे चाले, याचे वर्णन १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे. ठरलेल्या कसाची चांदी कारागिरांना वाटून देत. कारागीर तिचे लहान तुकडे करून ते गोल करी आणि तोली. तुकडे आकाराने सारखे दिसण्यापेक्षा वजनाने बिनचूक असण्याकडे अधिक लक्ष असे. त्यासाठी चारशे कारागिरांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र काटा आणि वजने दिलेली असत आणि व्यवस्थापक ती दर आठवड्याला तपासी. तयार चकत्या ठसा मारायला जात. ऐरणीसारख्या साधनाच्या मध्यभागी अक्षरे कोरलेला खळगा असे. एक जण त्यात चकती टाकी, दुसरा तिच्यावर शिक्का धरी आणि तिसरा सहा पौंडांचा हातोडा मारी. तिघे मिळून तासाला दोन हजार आणि दहा तासांच्या दिवसात वीस हजार नाणी पाडत.

शिक्का चकतीपेक्षा मोठा असल्याने सगळी अक्षरे नाण्यावर क्वचितच उमटत. पारखीच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची होती. मुळातच अर्धवट मजकूर असलेल्या आणि कडेला दाते नसलेल्या नाण्याची कड कोणी कातरून घेतली, तरी ते नजरेला कळत नसे. म्हणून काट्याशिवाय पारख होऊच शकत नव्हती.

पोतदाराचे काम

गावगाड्यात हे काम पोतदाराकडे होते. तो बहुधा सोनार असे. कंपनीचा अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल १८१९ साली लिहिला. सरकारात भरलेला आणि खासगी व्यवहारातला पैसा पारखून देणारा गावचा माणूस अशी पोतदाराची नोंद त्यात आहे. पाटील आणि कुलकर्णी वसुलाचा हिशेब करीत. पण रयतेने आणलेला रुपया खरा की खोटा आणि कोणत्या भावाचा, हे पोतदार सांगे. सरकारी खजिन्यावरही पोतदार असत, आणि नगद शिलकेचा जमाखर्च पोतनीस सांभाळी.

पारखीचे टप्पे ठरलेले होते. आधी डोळ्यांनी पाहणी. चिन्ह, अक्षरांचे वळण आणि रंग यांवरून नाणे कोणत्या टांकसाळीचे हे ठरे. कडेला किंवा पृष्ठभागावर वेगळ्या झळाळीचा ठिपका दिसला तर संशय येई, कारण नाण्याला भोक पाडून आतली चांदी काढायची आणि शिसे भरून तोंड बुजवायचे, ही ठकांची जुनी रीत होती. मग काटा. जुने नाणे झिजून हलके झाले असेल तर घट मोजून बट्टा ठरे.

त्यानंतर रुपया वाजवून पाहत. चांगल्या चांदीचा रुपया दगडावर टाकला की स्वच्छ नाद देतो आणि तो क्षणभर रेंगाळतो. आत शिसे भरलेला, तडा गेलेला किंवा दोन पत्रे जोडून केलेला रुपया बद्द वाजतो. शेकडो रुपयांची रास तपासायची असली की अनुभवी सराफ एकामागून एक नाणी वाजवी आणि बेसूर नाणे बाजूला काढी. कसोटीचा दगड मुख्यतः सोन्यासाठी. चांदीत तांबे किती आहे ते त्यावर तितके नेमके कळत नाही. संशय उरलाच तर छिन्नीने लहानसा छेद देत. तपासून पसंत केलेल्या नाण्यावर काही सराफ आपला बारीक ठसा मारीत. मुघल आणि मराठा रुपयांवर चंद्रकोर, तारा, फुली अशा कितीतरी खुणा आजही दिसतात. ती त्या काळच्या तपासणीची पावतीच आहे.

शेवटचा निवाडा अग्नीचा. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त ही क्रिया बारकाईने लिहिली आहे. जमिनीत खळगा करून त्यात बाभळीच्या लाकडाची राख भरायची, ती ओली करून थाळीसारखा आकार द्यायचा, त्यात भेसळीची चांदी आणि ठरलेल्या प्रमाणात शिसे ठेवून भोवती कोळसे रचायचे आणि भात्याने फुंकायचे. शिसे तांब्याला बरोबर घेऊन राखेत मुरते आणि चांदी वर उरते. वीज चमकावी तसे तेज आले आणि कडा घट्ट होऊ लागल्या की ती शुद्ध झाली असे समजायचे. मधला भाग घट्ट झाल्यावर पाणी शिंपडले की रानबोकडाच्या शिंगांसारख्या ज्वाळा उठतात, असेही तो सांगतो. तोललेला तुकडा असा शुद्ध करून उरलेली चांदी पुन्हा तोलली की कस आकड्यात मिळे. पुढे इंग्रजी टांकसाळींच्या पारख विभागांतही शिशाची हीच पद्धत, अधिक नाजूक काट्यांनिशी, वापरली गेली.

थैली, कसा आणि पुरलेले हंडे

पारखलेले रुपये जातवारीने वेगळे ठेवत. अंकुशी आणि चांदवडी एकत्र झाले तर पुन्हा सगळी रास तपासणे आले. हजार रुपयांच्या थैलीला ‘तोडा’ म्हणत. सराफ थैलीचे तोंड बांधून त्यावर आपली मोहोर करी. मोहोर शाबूत असेल तोवर थैली न फोडता एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शके. सराफाची पत हीच तिची हमी. प्रवासात रुपये कमरेच्या कशात असत. मोठी रक्कम प्रत्यक्ष नेण्याऐवजी हुंडी काढणे सुरक्षित असे. सराफाच्या पेढीचा दुसरा मोठा व्यवसाय याच गरजेतून वाढला.

घरात रुपये भिंतीतल्या फडताळात, तळघरात किंवा जमिनीत पुरलेल्या हंड्यात जात. स्वाऱ्या, लूट आणि जाळपोळ यांच्या काळात पुरणे हाच सर्वांत सुरक्षित उपाय होता. त्यात दोन धोके होते. खारट, ओलसर मातीत चांदीवर क्लोराइडचा थर चढतो आणि वर्षानुवर्षे राहिलेले नाणे ठिसूळ होते. दुसरा धोका अधिक मोठा: पुरणारा अचानक गेला तर जागा कोणालाच कळत नसे. शेत नांगरताना किंवा वाड्याचा पाया खणताना सापडणारे हंडे बहुतेक अशाच घरांचे आहेत. १८७८ च्या निखात निधी कायद्याने अशा धनाची खबर जिल्हाधिकाऱ्याला देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक केले. त्या कायद्यामुळे अनेक निधी वितळण्यापासून वाचले आणि संग्रहालयांत पोहोचले.

कलदार रुपया

१८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा कंपनी सरकारच्या खजिन्यात डझनावारी जातींचे रुपये येऊ लागले. जुन्या टांकसाळी हळूहळू बंद झाल्या. चांदवडची १८३० मध्ये बंद झाली. मुंबईत वाफेच्या यंत्रांवर चालणारी टांकसाळ १८२९ पासून काम करू लागली. १८३५ च्या सतराव्या कायद्याने कंपनीच्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरला: वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात अकरा भाग चांदी आणि एक भाग मिश्रधातू. प्रत्येक रुपयात १६५ ग्रेन शुद्ध चांदी होती. त्यावर विल्यम राजाचा चेहरा आला आणि बट्ट्याचे जुने गणित कालबाह्य होऊ लागले.

यंत्राने पाडलेल्या या ‘कलदार’ रुपयाची कड दातेरी होती. कड कातरली की दाते जात आणि चोरी लगेच दिसे. शतकानुशतके काट्यावर अवलंबून असलेली तपासणी या एका सुधारणेने डोळ्यांना शक्य झाली. रुपया नेमका एक तोळ्याचा असल्याने तो वजन म्हणूनही वापरात आला. ऐंशी रुपये भार म्हणजे एक शेर. झीज दोन टक्क्यांहून अधिक झाली तर रुपया कायदेशीर चलन राहत नसे. म्हणजे पारख संपली नव्हती; ती गावच्या पोतदाराकडून सरकारी खजिन्याकडे गेली होती.

मराठवाडा याला अपवाद राहिला. निजामाच्या राज्यात हैदराबादचा ‘हाली सिक्का’ चाले आणि त्याचा कस कलदारापेक्षा कमी होता. सहा कलदारांना सात हाली असा हिशेब विसाव्या शतकात रूढ झाला. औरंगाबाद किंवा लातूरच्या व्यापाऱ्याला मुंबईचा माल घ्यायचा तर हा हिशेब करावाच लागे. हैदराबाद भारतात विलीन झाल्यावर, १९५० च्या दशकात, हाली चलन बंद झाले.

हमी आणि धातूची फारकत

१८९३ पर्यंत कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. जगात चांदीचे भाव घसरत गेल्याने २६ जून १८९३ रोजी ही मुभा सरकारने बंद केली. रुपयाची किंमत त्यातल्या चांदीपेक्षा वरचढ झाली. याचे दोन परिणाम झाले. पूर्ण कसाची चांदी वापरूनही खोटा रुपया पाडणे नफ्याचे ठरू लागले. वजन आणि कस बरोबर असूनही नाणे बनावट असू शकते, ही पारख्यांपुढची नवी अडचण होती. दुसरा परिणाम गरिबांवर झाला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत घरातले चांदीचे दागिने विकायला काढणाऱ्यांना पूर्वीसारखे वजनाला वजन रुपये मिळेनात. ज्या चांदीला लोक अडीअडचणीची पुंजी समजत होते, तिची किंमत सरकारच्या एका निर्णयाने उतरली.

पहिल्या महायुद्धात उलटे झाले. चांदी इतकी महागली की रुपया वितळवणे फायद्याचे ठरले. सरकारने वितळवण्यावर बंदी घातली, १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढली आणि १९१८ मध्ये अमेरिकेकडून सुमारे २० कोटी औंस चांदी मिळवली. दुसऱ्या महायुद्धात जुना कस टिकला नाही. १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी राहिली. बाकी तांबे, निकेल आणि जस्त. व्हिक्टोरिया राणीचे रुपये १९४१ मध्ये चलनातून रद्द झाले आणि पुढच्या दोन वर्षांत इतर जुन्या रुपयांचीही तीच गत झाली. १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. घरोघरी राहिलेले ‘राणी छाप’ रुपये तेव्हापासून केवळ चांदी म्हणून जपले जात आहेत.

आजच्या खरेदीदारासाठी

आज सराफाकडे दोन प्रकारची चांदीची नाणी मिळतात: जुने रुपये आणि धनत्रयोदशीला खपणारी ९९९ कसाची नवी नाणी. दोन्हींना चलन म्हणून सरकारची हमी नाही, त्यामुळे पोतदाराची पद्धत पुन्हा उपयोगी पडते. जुन्या रुपयावरचे वर्ष आधी पाहावे: १९४० पूर्वीचा असेल तर जवळपास ९२ टक्के चांदी, १९४० पासूनचा असेल तर निम्मी. न झिजलेला जुना रुपया ११.६६ ग्रॅम भरतो. १९४० पूर्वीचा असा रुपया दोऱ्याला बांधून पाण्यात तोलला तर वजन सुमारे १.१३ ग्रॅमने घटते. घट याहून बरीच जास्त आली तर धातू हलका आहे. चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण पितळ आणि शिसेही चिकटत नाहीत, म्हणून एकट्या चुंबकावर विसंबू नये. क्ष-किरणांचे यंत्र पृष्ठभागाचाच कस सांगते. जाड मुलाम्याखालचे पितळ त्याला दिसेलच असे नाही. वजन, माप, नाद आणि दाते ही सगळी एकमेकांशी जुळली तरच नाणे खरे मानावे.

जतनाचे नियमही सोपे आहेत. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. रबर, लोकर आणि हलक्या प्रतीचा कागद यांतूनही गंधक सुटतो. म्हणून नाणी रबरबँडने बांधू नयेत. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून निघणारा हिरवट चिकट थर नाणे खातो. पॉलिएस्टरची पाकिटे सुरक्षित. लक्ष्मीपूजनात दूध, हळद-कुंकू लागलेले नाणे स्वच्छ पाण्याने धुवून, मऊ कापडाने टिपून, पूर्ण कोरडे करून ठेवावे. चिंच, रांगोळी किंवा राखेने घासल्यास दर वेळी थोडी चांदी जाते आणि अक्षरे बोथट होतात. जुन्या रुपयाची संग्रहाची किंमत तर एका घासणीतच निम्म्यावर येऊ शकते. काळपट थर मात्र नाण्याचे फारसे नुकसान करीत नाही.

पुरलेल्या हंड्यांची मोठी उणीव नोंद नसणे ही होती. प्रत्येक नाण्याचे वजन, वर्ष आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र घरातल्या दुसऱ्या एका माणसाच्या माहितीत असावे. खरेदीच्या पावतीवर कस आणि वजन दोन्ही लिहून घ्यावे, आणि जो सराफ आपल्या दुकानात नाणे तोलू आणि वाजवू देत नाही, त्याच्याकडून ते घेऊ नये.